"आईला सांगू नको हं" म्हणणारी दीदी

प्रश्न: ताई, आम्ही तासगावजवळ राहतो, द्राक्षबाग आहे. मुलगी आठवीत. छाटणीच्या दिवसात आम्ही दोघं दिवसभर बागेत, म्हणून क्लासचे व्हिडिओ बघायला माझा जुना मोबाईल तिला दिलेला. परवा रात्री तिच्या इन्स्टावर मेसेज दिसले, प्रोफाईलला मुलीचा फोटो, म्हणते मी अकरावीत आहे, सांगलीत असते. "आई झोपली का", "युनिफॉर्मवरचा फोटो टाक ना", "घरी सांगू नको, मोबाईल काढून घेतील". पोरीने दोन साधे फोटो पाठवलेत. मी दोन ठेवून दिल्या आणि मोबाईल कपाटात. मिस्टर म्हणतात सगळं डिलीट कर, बोभाटा नको. पोरगी आता बोलेना. काय करू?
– एक आई

उत्तर: डिलीट काही करू नका, मिस्टरांनाही करू देऊ नका. तुम्ही तिच्या नावानं उलट उत्तरही देऊ नका, सुगावा लागला की समोरचा अकाऊंटच बंद करून पळतो. आधी चॅटचे स्क्रीनशॉट घ्या, तारीख-वेळ दिसेल असे, आणि त्या प्रोफाईलची लिंक कॉपी करून ठेवा कारण वर दिसणारं नाव कधीही बदलता येतं. मग रिपोर्ट, मग ब्लॉक.

मला नाही वाटत ही अकरावीतली मुलगी आहे. अकरावीतल्या पोरीला दुसऱ्याची आई झोपली का याच्याशी काय करायचंय? आणि युनिफॉर्मवरचाच फोटो का, तर खिशावर शाळेचा बिल्ला असतो, शाळा कळली की गाव कळलं, सुटायची वेळ कळली.

आता "मोबाईल काढून घेतील" हे परत वाचा. त्यानं सांगितलं तसंच घडलं ना? म्हणजे पोरीच्या लेखी तो खरा ठरला आणि आई वैरीण. रागावू नका, तुमच्या जागी माझाही हात उठला असता. पण आज भाकऱ्या करताना तिला शेजारी बसवा, समोरासमोर चौकशी नको, आधी एवढंच म्हणा की मारलं ते माझं चुकलं, तू काही चुकीचं केलं नाहीस. मग हळूच विचारा, अजून कसले फोटो मागितले का, पाठवलेस का, धमकी दिली का. नको तसला फोटो गेला असेल तर तो नवऱ्याला, भावाला व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड करत बसू नका, थेट पोलिसांना सांगा.

बोभाट्याचं म्हणाल तर पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, 2012 चा आहे, त्यात मुलीचा जबाब घरीसुद्धा घेता येतो, होईल तेवढं महिला उपनिरीक्षकानं, वर्दी न घालता, आईबापासमोर. तिचं नाव पेपरात छापता येत नाही. 1930 हा हेल्पलाईन नंबर लोकांना पाठ झालाय पण तो मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी, तुमच्यासाठी 1098, मुलांसाठीची चाईल्डलाईन, चोवीस तास चालू असते, आणि राष्ट्रीय सायबर क्राईम पोर्टलवर महिला-मुलांच्या तक्रारींचा वेगळा भाग आहे.

अजून एक, अकाऊंट उघडताना तिनं जन्मसाल कुठलं टाकलंय बघा. पोरं सर्रास 2000 बिंदास टाकतात, मग इन्स्टाचं टीन अकाऊंट लागूच होत नाही, ज्यात ओळख नसलेल्यांचे मेसेज अडवले जातात आणि 16 च्या आतल्यांना ते सैल करायला आईबापाची परवानगी लागते. साल दुरुस्त करा, तिच्यासोबत बसून, आणि मोबाईल परत द्या.

तक्रारीला मात्र उद्याच जा, छाटणी एक दिवस मागं पडली तर पडू दे.