गिनीपिगचं अशक्त पिल्लू आईचं पीत नाही, वरचं दूध कसं पाजू?

काल व्यायलेल्या मादीच्या चार पिल्लांपैकी सगळ्यात लहान अंगावर पीत नाही, म्हणून ड्रॉपरने गाईचं दूध पाजावं का, असं तुम्ही विचारलंय. गाईचं नको, जुलाब लागतात आणि एवढ्याशा जिवाला ते झेपत नाहीत.

पण दुधाचं नंतर. आधी पिल्लाचे कान आणि पाय चाचपून बघा. गार लागले तर पहिली गरज उबेची आहे, कारण थंड पडलेल्या पिल्लाला नीट गिळताही येत नाही आणि पचतही नाही. गिनीपिगची आई घरटं करत नाही, म्हणून ऊब आपणच द्यायची. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे उकडलं तर पिल्लाला सरकता येईल.

मग स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वाटी ठेवून वजन घ्या आणि रोज त्याच वेळी घेत जा. जन्मतः साधारण 60 ते 100 ग्रॅम असतं. पहिले दोन-तीन दिवस थोडं उतरलं तर घाबरू नका, पहिल्या दिवशी बरीच पिल्लं नीट पीतच नाहीत. 50च्या खाली असेल किंवा उतरतच राहिलं, तर वरचं दूध द्यावंच लागेल.

आईला सड दोनच असतात, त्यामुळे चारांत दांडगी पिल्लं दुबळ्याला हुसकावतात. त्यांना थोडा वेळ बाजूला काढून याला एकट्याला आईजवळ सोडा. पुष्कळदा एवढ्यानेच भागतं. पिल्लू आईपासून कायमचं मात्र तोडू नका. आईच्या लेंड्या खाऊनच त्याच्या आतड्यात पचनाचे जिवाणू येतात.

पाजायचंच झालं तर मांजराच्या पिल्लांची दूध पावडर आणा. ती मिळेपर्यंत पाणी घातलेलं शेळीचं दूध चालेल. 1 मिलीची सिरिंज, सुई काढून. पिल्लाला तान्ह्या बाळासारखं उताणं अजिबात धरू नका. चारी पाय खाली, डोकं किंचित वर. ओठांच्या कडेला एक थेंब टेकवा आणि थांबा. जीभ बाहेर येऊन तो चाटला, गळा हलला, की दुसरा. एका वेळी अर्धा ते एक मिली, दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. नाकपुडीवर दुधाचा बुडबुडा दिसला तर लगेच थांबा, डोकं खाली करून नाक पुसा. दूध फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. मला विचाराल तर वरच्या दुधावरची पिल्लं भुकेपेक्षा माणसाच्या घाईनेच जास्त दगावतात.

पाजून झालं की कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने शी-शूची जागा हलकेच पुसा. आई तिथे चाटते, त्याशिवाय त्याला होत नाही.

एक बरं आहे, ही पिल्लं डोळे उघडे आणि दात घेऊनच जन्मतात. गवत, लसूणघास, कोथिंबिरीची काडी आजपासूनच समोर ठेवा, कुरतडू दे. आईला पेरू आणि सिमला मिरची द्या. गिनीपिगच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि बाळंतिणीला ते जास्तच लागतं.

पिल्लू तोंड उघडून श्वास घेत असेल तर घरचे उपाय बंद, थेट डॉक्टर. कुत्र्या-मांजरांचेच डॉक्टर असतील तर गिनीपिग आहे हे ठासून सांगा. तोंडावाटे दिलेलं पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन या प्राण्याच्या जिवावर बेतू शकतं.

आणि हो, नर त्याच पिंजऱ्यात असेल तर हे वाचून होताच बाहेर काढा. व्यायल्यावर काही तासांतच मादी पुन्हा गाभण राहू शकते.