मुलीला शब्दार्थ पाठ आहेत, तरी उताऱ्यातल्या घटना क्रमाने लिहिता येत नाहीत. काय करावं?

शब्दार्थ पाठ करून घेणं आधी बंद करा. हे माझ्या सख्ख्या भावालाही पटत नाही, पण तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

भाची चौथीत होती तेव्हा तिला रोप लावण्याचा उतारा आला होता. खोड, आळं, ओलावा, सगळे अर्थ तोंडपाठ. उताऱ्यात वाक्य होतं, 'रोप लावण्यापूर्वी खड्डा पाण्याने भिजवून घ्यावा.' खाली सूचना, कृती क्रमाने लिहा. हिने लिहिलं, रोप लावावे, मग खड्डा भिजवावा. बाईंनी लाल शाईने शेरा मारला, 'लक्ष देऊन वाच.' दादा म्हणाला, शब्दार्थ कच्चे आहेत, काढ वही. मी तिला शेजारी बसवून विचारलं, "पूर्वी म्हणजे काय गं?" तर म्हणे, "जुन्या काळी. पूर्वी वीज नव्हती ना, तसं." पोरीचं काय चुकलं सांगा! तिला माहीत असलेला अर्थ बरोबरच होता, फक्त त्या वाक्यातला नव्हता.

शब्दार्थांच्या यादीत जडजड शब्द असतात. 'पूर्वी', 'तोवर', 'एवढ्यात' तिथे कधी दिसतात का? आणि क्रम तर तिथेच दडलेला असतो. शब्दात नसेल तर प्रत्ययात. 'हात धुऊन जेवला' म्हणजे धुणं आधी, 'जेवताना बोलला' म्हणजे दोन्ही एकदम, 'जेवताच उठला' म्हणजे लगेच. ईव्ह क्लार्क या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९७१ साली इंग्रजी बोलणाऱ्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातली लहान मुलं जे आधी ऐकलं तेच आधी घडलं असं धरून चालायची. मराठीत 'लावण्यापूर्वी' म्हटलं की नंतरचं काम वाक्यात आधी येतं आणि मूल तिथेच फसतं. 'भिजवल्यावर लावावे' म्हणा, बहुतेक वेळा बरोबर लिहील.

मी भाचीला वाक्यं करून दाखवायला लावली. 'वही उघडण्याआधी पेन्सिल खाली ठेव.' सुरुवातीला ती वहीलाच हात घालायची. मग तेच वाक्य 'ठेवून' वापरून, मग 'ठेवल्यावर' वापरून तिच्याकडूनच बोलून घेतलं. लिहिणं सगळ्यात शेवटी. लांब उतारा असेल तर वाक्यांच्या पट्ट्या कापून सरकवायला द्या, खोडाखोड वाचते.

तुमची मुलगी दिवसभरातल्या गोष्टी तोंडी सांगतानाही मागचं पुढे करत असेल, तर मात्र हे पुरणार नाही, जाणकाराला दाखवा.

दादा अजूनही म्हणतो, वय वाढलं की आपोआप येतं. बऱ्याच जणांना येतंही. पण तोवर 'हिचं लक्ष नसतं' हा शिक्का त्या पोरीने का सोसायचा?