हळव्या भाताची पेरणी: कापणीपासून मागे मोजा

प्रश्न: मृगाचा पहिला पाऊस झाला की आम्ही राबात (रोपवाटिकेत) कर्जत ३ हे वाण पेरतो. भात कापायला झाले की नेमका पाऊस लागतो, पीक आडवे होते, लोंब्यांना जागेवरच कोंब फुटतात. वाण बदलावे का?

उत्तर: आधी दिवस मोजा. कर्जत ३ हळवे, म्हणजे लवकर पिकणारे, ११५ ते १२० दिवसांचे. ५ जूनला पेरले तर २८ सप्टेंबर ते ३ ऑक्टोबरदरम्यान तयार होणार. हवामान विभागाने २०२० साली मोसमी पावसाच्या सर्वसाधारण तारखा नव्याने ठरवल्या. मुंबईत पाऊस येण्याची तारीख एकाच दिवसाने सरकली, १० ची ११ जून झाली. परतण्याची मात्र २९ सप्टेंबरची ८ ऑक्टोबर झाली. म्हणजे तुमचे भात भर पावसात पिकते. दोष वाणाचा नाही, तारखेचा आहे.

वरकस (उताराच्या हलक्या) जमिनीत कर्जत ३ च ठेवा, पण राबात बी १५ जूनच्या आसपास टाका. कापणी ८ ते १३ ऑक्टोबरला येईल आणि दाणा सप्टेंबरच्या ओलीवर भरेल. याहून फार उशीर नको. वरकसात पाणी टिकत नाही, पाऊस गेला की पळिंज (पोकळ दाणे) वाढते. पाणी धरणाऱ्या मळ्याच्या खाचरात लवकर पेरायचेच असेल तर जयासारखे १३० ते १३५ दिवसांचे निमगरवे (मध्यम मुदतीचे) वाण घ्या. ५ जूनचा जया ऑक्टोबरच्या मध्यावर निघतो. मृग साधलाच पाहिजे हा धाक हळव्याला लागू नाही.

प्रश्न: पेरणीनंतर पावसाने दडी मारली, तरवा (राबातली रोपे) वाळू लागला. पुन्हा बी कुठून आणायचे?

उत्तर: सगळे बी एकाच दिवशी टाकू नका. दहा गुंठ्यांच्या लावणीला गुंठाभर रोपवाटिका आणि जाड दाण्याचे पाच-सहा किलो बी लागते. त्यातले निम्म्याहून थोडे जास्त आधी पेरा, बाकीचे आठ-दहा दिवसांनी. रोपवाटिका विहिरीजवळ किंवा पऱ्याच्या (ओढ्याच्या) काठी घ्या. गुंठ्याला सेंटीमीटरभर पाणी द्यायचे म्हणजे हजार लिटर. एवढे पंपाने किंवा डोक्यावरून आणूनही होते, पूर्ण शेताला ते शक्य नाही. गादीवाफा मीटरभर रुंद, १० ते १५ सेंमी उंच ठेवा, म्हणजे उलट अतिवृष्टी झाली तरी बी कुजत नाही. पेरण्याआधी दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून बी बुडवा, तरंगणारे काढून टाका, उरलेले दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवा आणि किलोला अडीच ग्रॅम थायरम हे बुरशीनाशक चोळा. पंधरा दिवसांनी गुंठ्याला किलोभर युरिया द्यायचा, पण वाफ्यात ओल असेल तेव्हाच. कोरड्यात टाकला तर पात करपते.

लावणी २१ ते २५ दिवसांत व्हावी. पाऊस नसल्याने रोप ३५-४० दिवसांचे झाले तर त्याला फुटवे कमी येतात. मग चुडात (एका जागी लावायच्या जुडीत) दोन-तीनऐवजी चार-पाच रोपे लावा आणि अंतर १५ × १५ सेंमी करा. उंच झाले म्हणून शेंडे खुडायची सवय आहे, ती सोडा: जिवाणूजन्य करपा त्याच जखमेतून शिरतो. मागे पडलेले भरून काढायला जास्तीचा युरियाही नको, भात लोळते.

प्रश्न: उधाणात खारबंदिस्तीला (खारे पाणी अडवणाऱ्या बांधाला) खांड (भगदाड) पडली, खाजणात (खाडीकाठच्या शेतात) खारे पाणी शिरले. लावणी करावी का?

उत्तर: आधी खांड बुजवा आणि उघाडीची (बांधातल्या पाणी सोडायच्या दाराची) झडप भरतीला नीट बसते का पाहा. झडपेत काठी अडकली तरी सगळी मेहनत वाया. मग पावसाचे १० ते १५ सेंमी पाणी खाचरात एक-दोन दिवस कोंडून ओहोटीला सोडा. असे तीन-चार वेळा केले की क्षार बरेचसे धुऊन जातात. पनवेल ३ सारखे क्षार सोसणारे वाण घ्या, रोप ३० दिवसांचे लावा. कोवळे टिकत नाही. त्यानंतर खाचर कोरडे पडू देऊ नका. ऊन लागले की खालचे मीठ वर चढते. चुडांच्या बुंध्याशी पांढरी बुरशी आल्यासारखे दिसते, ते हेच मीठ. त्यावर बुरशीनाशक फवारून पैसे घालवू नका, पाणी भरा.