नाव कुठल्या यादीत, मत कुठल्या प्रभागात?

गोव्यातील बहुतेक ग्रामपंचायतींसाठी 10 ऑगस्ट 2022 रोजी मतदान झाले होते. पंचायतीची मुदत पाच वर्षांची असल्याने पुढच्या निवडणुकीचे वेध गावागावांत लागू लागले आहेत. त्यासंबंधी वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आमचे मूळ घर पेडणे तालुक्यात आहे. नोकरीमुळे मी अनेक वर्षे कुटुंबासह पुण्यात राहतो. गावच्या घराची घरपट्टी मीच भरतो, चतुर्थीला आणि जत्रेला न चुकता येतो. माझे नाव पुण्याच्या मतदारयादीत आहे. गावच्या पंचायतीसाठी मतदान करता यावे म्हणून इथेही नाव घालता येईल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नाही, आणि तसा प्रयत्नही करू नये. गावाविषयी तुम्हाला वाटणारी ओढ आम्ही समजू शकतो, परंतु मतदाराचा हक्क घराच्या मालकीशी नव्हे, तर प्रत्यक्ष वास्तव्याशी जोडलेला आहे. 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात हे स्पष्टपणे म्हटले आहे की, एखाद्या ठिकाणी केवळ घर मालकीचे आहे किंवा ताब्यात आहे एवढ्यावरून ती व्यक्ती तेथील सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही. एका व्यक्तीचे नाव दोन मतदारसंघांच्या याद्यांत असणेही या कायद्याला मान्य नाही, आणि नाव घालण्यासाठी जाणूनबुजून खोटे निवेदन करणे हा एक वर्षापर्यंतच्या कारावासाची तरतूद असलेला गुन्हा आहे.

पंचायतीची यादी ही काही वेगळी, गावकीच्या ओळखीवर बनवलेली यादी नसते. विधानसभेची मतदारयादी हाच तिचा पाया असतो. भारत निवडणूक आयोगाच्या देखरेखीखाली तयार झालेली ती यादी राज्य निवडणूक आयोग प्रभागनिहाय विभागतो. म्हणून विधानसभेच्या यादीत ज्याचे नाव नाही, त्याला पंचायतीत मत नाही. गोव्यातील प्रभाग काही शे मतदारांचे असतात आणि तिथे पाच-दहा मतांनी पंच, म्हणजे पंचायत सदस्य, निवडून येतो किंवा पडतो. अशा ठिकाणी वर्षातून दोनदा कुलूप उघडणाऱ्या घरांतील मते मोजली गेली, तर पाण्याच्या नळासाठी आणि वाटेवरच्या दिव्यासाठी रोज पंचायतीच्या पायऱ्या चढणाऱ्या माणसावर अन्याय होतो, असे आमचे ठाम मत आहे.

तुम्ही खरोखर गावी परत राहायला येणार असाल, तर मात्र चित्र बदलते. त्या वेळी नवे नाव घालण्याचा अर्ज न करता, स्थलांतरासाठीचा नमुना 8 भरावा, म्हणजे पुण्यातील नोंद इकडे हलवली जाईल. निवडणुकीची अधिसूचना निघेपर्यंत थांबू नये. यादी प्रसिद्ध झाल्यावर स्वतःचे नाव, घर क्रमांक आणि प्रभाग हे तिन्ही पाहावेत. प्रभागांची फेररचना झालेल्या गावांत एकाच वाड्यातील शेजारची दोन घरे दोन वेगळ्या प्रभागांत गेलेली आढळतात आणि ते मतदानाच्या सकाळी लक्षात येऊन उपयोग नसतो.

प्रश्न : माझा एक मुलगा जहाजावर तारवटी आहे, दुसऱ्याने पोर्तुगालचा पासपोर्ट घेऊन लंडन गाठले आहे. दोघांचीही नावे यादीत आहेत. दोघेही मतदान करू शकतात का? (एक माता, बार्देश)

उत्तर : पहिला करू शकतो, दुसरा नाही. कामानिमित्त तात्पुरते बाहेर असल्यामुळे रहिवास संपत नाही, म्हणून जहाजावरील मुलगा मतदानाच्या दिवशी गावी असेल, तर त्याने अवश्य मत द्यावे. ज्याने स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले, त्याचे भारतीय नागरिकत्व संपते आणि त्याबरोबर मताधिकारही. ओसीआय (भारताचे परदेशस्थ नागरिक) कार्ड असले तरी त्यात फरक पडत नाही. त्याचे नाव वगळण्यासाठी घरच्यांनीच नमुना 7 भरून द्यावा, हे उत्तम.

प्रश्न : आमच्या सत्तरीतील गावात आमचा प्रभाग महिलांसाठी राखीव होण्याची शक्यता आहे. वाड्यावरची माणसे मला उभी राहा म्हणतात. घरचे म्हणतात, ‘तू फक्त अर्ज भर, बाकी आम्ही बघतो.’ मी काय करावे? (एक वाचक, वाळपई)

उत्तर : ताई, तुमची स्वतःची इच्छा असेल तर जरूर उभे राहा, मात्र ‘बाकी आम्ही बघतो’ ही अट मान्य करू नका. 73 व्या घटनादुरुस्तीने 1993 पासून किमान एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखून ठेवल्या, त्या नवऱ्याने किंवा दिराने पंचायतीच्या खुर्चीवर बसावे म्हणून नव्हेत. बांधकाम परवान्यापासून दिव्यांच्या बिलापर्यंत जे ठराव होतील, त्यांची जबाबदारी पंच म्हणून तुमच्यावर येईल. तेव्हा ठराव वाचण्याचे कामही तुमचेच असले पाहिजे.

पात्रतेचे म्हणाल, तर वय 21 वर्षे पूर्ण हवे आणि पंचायत क्षेत्रातील मतदारयादीत नाव हवे. राखीव प्रभागातून फक्त स्त्रियांना लढता येते, परंतु सर्वसाधारण प्रभागातून लढायलाही स्त्रीला कुणाची आडकाठी नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. प्रभाग राखीव झाला नाही म्हणून तयारी सोडून देऊ नका. पंचायतीचा कर थकलेला असेल तर तो आधीच भरून पावती जपून ठेवा, तसेच घरातील कुणाचे पंचायतीच्या कामाचे कंत्राट चालू असेल तर त्यात तुमचा हितसंबंध निघत नाही ना, हे जाणकाराकडून तपासून घ्या. छाननीच्या दिवशी हरकती बहुधा अशाच गोष्टींवर येतात.

गोव्यात जिल्हा पंचायतीची निवडणूक पक्षचिन्हांवर होते, ग्रामपंचायतीची होत नाही. आमदारांच्या पाठिंब्याची पॅनेले असतात, हे सर्वांना माहीत आहे. तरीही मतपत्रिकेवर तुमच्या नावापुढे पक्षाचे चिन्ह नसेल, आणि लहानशा प्रभागात घरोघर जाऊन बोलणारी बाई कुठल्याही पॅनेलाशिवाय निवडून येऊ शकते. सरपंच मात्र थेट मतदारांतून निवडला जात नाही. निवडून आलेले पंच आपल्यातून त्याला निवडतात आणि अविश्वास ठराव आणून काढूही शकतात, म्हणून निकालानंतरच्या दिवसांत तुमच्या एका मताला फार किंमत येईल. ते कुणाला द्यायचे, हे आमिष समोर येण्याआधीच ठरवून ठेवा.

प्रश्न : मागच्या वेळी मतपत्रिकेवर शिक्का मारला, पण घडी घालताना शाई दुसऱ्या नावावर उमटली असावी, अशी शंका आजही मनात आहे. तसेच, एकदा मत दिले की पाच वर्षे आपल्या हातात काय उरते? (एक ज्येष्ठ वाचक, फोंडा)

उत्तर : शिक्का चिन्हाच्या रकान्यात, रेघेपासून दूर मारावा. पहिली घडी उभी घालावी, म्हणजे ओली शाई लागलीच तर त्याच उमेदवाराच्या ओळीत लागते. आडवी घडी त्यानंतर. मूळ शिक्का कुठला आणि त्याचा उलटा ठसा कुठला, हे मतमोजणी करणाऱ्यांना ओळखता येते. त्यामुळे तुमचे मत बाद झाले असेल असे समजू नका.

पाच वर्षांविषयी तुम्ही विचारले ते अधिक महत्त्वाचे आहे. पंचायतीच्या यादीतील प्रत्येक मतदार हा आपोआप ग्रामसभेचा सदस्य असतो. ग्रामसभा म्हणजे कोमुनिदाद नव्हे. कोमुनिदाद ही गावकारांची, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांतील वंशजांची, वंशपरंपरेने चालत आलेली संस्था, तर ग्रामसभेत काल राहायला येऊन रीतसर मतदार झालेल्या भाडेकरूलाही गावकाराइतकाच आवाज आहे. गोव्यात जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांत रविवारी साधारण ग्रामसभा भरतात, शिवाय 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर आणि 19 डिसेंबर या दिवशी खास सभा. 2022 च्या मतदानाला 78 टक्क्यांहून अधिक मतदार बाहेर पडले; त्यांतला लहानसा हिस्सा जरी या सभांना येऊन बसला, तरी हिशेब वाचल्यासारखे करून पुढे जाणे कुठल्याही सरपंचाला जमणार नाही.

आपला प्रश्न किंवा ठराव सभेच्या पुरेसे दिवस आधी सचिवाकडे लेखी द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. सभेत काय ठरले ते स्वतःच्या वहीत टिपून ठेवावे, आणि पुढच्या सभेत मागचे इतिवृत्त वाचले जाईल तेव्हा ती वही उघडून बसावे. नोंद चुकीची असेल तर त्याच वेळी उभे राहून दुरुस्ती सुचवावी. इतिवृत्त एकदा कायम झाले की मग तक्रार घेऊन गटविकास अधिकाऱ्यांच्या कचेरीत जावे लागते.