नवे मॉडेल आले, आता जुन्या गाडीचे काय?

प्रश्न : 2021 च्या दिवाळीत मी सुमारे 30 युनिट क्षमतेच्या बॅटरीची इलेक्ट्रिक कार घेतली. आता तेवढ्याच पैशांत दीडपट बॅटरीची गाडी मिळते आणि एक्स्चेंजमध्ये माझ्या गाडीला मूळ किमतीच्या निम्मेही पैसे द्यायला विक्रेता तयार नाही. घर इंदिरानगरला, नोकरी सातपूरला. महिन्यातून एकदा मुंबई. गाडी विकावी का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आपली खंत रास्त आहे. टाटा नेक्सॉनचेच उदाहरण घ्या. जानेवारी 2020 मध्ये 30.2 युनिटांची बॅटरी आणि 312 किलोमीटरची प्रमाणित रेंज (एका पूर्ण चार्जमध्ये कापता येणारे अंतर) असलेली ही गाडी 13.99 लाखांपासून मिळत होती. सप्टेंबर 2024 मध्ये 45 युनिटांची आणि 489 किलोमीटर रेंजची आवृत्ती आली, तीही 13.99 लाखांपासूनच. बॅटरीचे सेल स्वस्त होत गेल्याचा हा परिणाम आहे, आणि नवी गाडी या भावात मिळत असताना जुनीचा भाव पडणारच.

मात्र हा तोटा विकतानाच पदरात पडतो. इंदिरानगर ते सातपूर हे अंतर आजही तेवढेच आहे आणि रात्री घरी चार्जिंग होत असेल, तर त्या प्रवासाला मोठ्या बॅटरीचा काडीचाही उपयोग नाही. प्रश्न आहे तो मुंबईचा. जाताना कसारा घाटाच्या उतारावर गाडी थोडी वीज परत मिळवते, त्यामुळे 170 किलोमीटर फारसे जाणवत नाहीत. परतताना मात्र समुद्रसपाटीवरून सुमारे 600 मीटर चढायचे असते, आणि दीड टनाच्या गाडीची निव्वळ उंची गाठण्यातच जवळपास अडीच युनिटे खर्च होतात. इगतपुरीजवळ टक्केवारी झरझर उतरताना पाहून जीव टांगणीला लागतो, हे मी स्वतः अनुभवले आहे. घाट चढण्याआधी वीस मिनिटे चार्जिंगला थांबावे, हाच त्यावरचा उपाय. येथे नव्या गाड्या आपल्या कामीच येतात, कारण बहुतेक कारचे फास्ट चार्जिंग सीसीएस-2 या एकाच प्रकारच्या प्लगचे असल्याने त्यांच्यासाठी उभारलेले चार्जर आपल्यालाही चालतात.

कंपनीकडे हक्काने मागावी अशी गोष्ट म्हणजे सॉफ्टवेअर. 2022 मध्ये नेक्सॉनच्या सुधारित आवृत्तीतील क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप कायम राखणारी सोय) आणि ब्रेकमधून वीज परत मिळवण्याचे कमी-जास्त टप्पे जुन्या ग्राहकांनाही विनामूल्य देण्यात आले होते. हा शिरस्ता सर्वच कंपन्यांनी पाळायला हवा, असे मला मनापासून वाटते.

माझ्या मते आपण गाडी विकू नये. बॅटरीची वॉरंटी बहुधा 8 वर्षे किंवा 1,60,000 किलोमीटर असते, म्हणजे किलोमीटर ओलांडले नसतील, तर ती 2029 पर्यंत आहे. सर्व्हिस सेंटरमधून बॅटरीच्या सद्यःस्थितीचा लेखी अहवाल दरवर्षी घेऊन जपून ठेवा. विकायचीच वेळ आली, तर वॉरंटी दुसऱ्या मालकाच्या नावावर होते का, हे कागदपत्रांत पाहून घ्या आणि एक्स्चेंजऐवजी थेट ग्राहक शोधा; शहरातल्या शहरात फिरण्यासाठी दुसरी गाडी घेणाऱ्या कुटुंबाला तो अहवाल दाखवलात, तर विक्रेत्यापेक्षा बरा भाव मिळू शकेल.