वाचक विचारतात: तिसरी लाईन वाजली की पहिला कॉलर गोठतो

मागच्या अंकात लिहिलं होतं की माळ्यावर पडलेल्या ४८६ पीसीवर आजही बीबीएस उभा करता येतो, म्हणजे मोडेमने फोन लावून आत शिरायचं, निरोप वाचायचे, फाईली घ्यायच्या, असा बुलेटिन बोर्ड. एवढी पत्रं येतील असं खरंच वाटलं नव्हतं. बहुतेकांचं एक लाईन असेपर्यंत छान चाललंय आणि दुसरी-तिसरी लावली की बिनसलंय, म्हणून या वेळी सगळी जागा त्यालाच दिलीय.

प्रश्न (पुणे): सर, ४८६ डीएक्स२-६६, १६ एमबी रॅम, डॉस ६.२२, त्यावर डेस्कव्ह्यू (एका वेळी अनेक प्रोग्रॅम चालवणारा) आणि त्यात बीबीएसचा प्रोग्रॅम रिमोटअ‍ॅक्सेसचे चार नोड, म्हणजे दर लाईनमागे त्याची एक प्रत. मोडेम चारही एक्सटर्नल, १४,४०० चे. एका बंद झालेल्या ऑफिसातला इंटरकॉमचा डबा मिळाला, त्याच्या एक्सटेन्शनवर मोडेम लावलेत. एकेकटा लावला तर चारही मोडेम चालतात. एक आणि दोन नंबरवर कॉलर असले तरी चालतं. तिसऱ्यावर कोणी आलं की पहिल्याच्या स्क्रीनवर अक्षरं यायची थांबतात, आणि तिसऱ्याने फोन ठेवला की कधीकधी पहिला परत सुरू होतो. मोडेम अदलाबदल करून झाले, केबल बदलून झाल्या. मदरबोर्ड गेलाय का?

उत्तर: मदरबोर्डला हात लावू नका, तो ठणठणीत आहे. तिसऱ्याने फोन ठेवला की पहिला परत सुरू होतो हे तुम्ही लिहिलंत ना, तिथेच रोग सापडला. एकेकटं सगळं चालतंय म्हणजे मोडेम, केबल, सॉफ्टवेअर सगळं बरोबर आहे, आणि दोघं एकत्र आल्यावरच अडतंय म्हणजे त्या दोघांच्यात काहीतरी सामायिक आहे. पहिल्या आणि तिसऱ्यात काय सामायिक? आयआरक्यू ४, म्हणजे पोर्ट ज्या तारेवरून प्रोसेसरला हाक मारतो (इंटरप्ट) ती ४ नंबरची तार. मोडेम ज्यांना लागतात त्या सिरियल पोर्टना कॉम म्हणतात, आणि पीसीवर कॉम१ आणि कॉम३ दोघांना आयआरक्यू ४ आणि कॉम२ आणि कॉम४ दोघांना आयआरक्यू ३ अशी जुनी वाटणी आहे. पत्ते मात्र वेगळे, ३एफ८, २एफ८, ३ई८, २ई८, त्यामुळे चेक करणारा प्रोग्रॅम चारही पोर्ट व्यवस्थित दाखवतो आणि आपण फसतो.

आता हे अडतं कसं ते समजून घ्या, म्हणजे पुढे कुठलंही कार्ड आलं तरी घाबरायला नको. आयएसए बसवर, म्हणजे कार्डं बसतात त्या स्लॉटच्या तारांवर, इंटरप्टची तार खालून वर जाते त्या क्षणाकडेच प्रोसेसरचं लक्ष असतं, ती वर आहे की नाही याकडे नसतं. समजा दारावरच्या बेलचं बटण एकाने दाबून धरलंय, आतल्यांना टिंग एकदाच ऐकू आलं, आता दुसऱ्याने त्याच बटणावर कितीही बोट ठेवलं तरी नवीन टिंग वाजणारच नाही. कॉम३ ने तार वर धरून ठेवली की कॉम१ ची हाक ऐकूच जात नाही, त्याचे बाईट येऊन पडतात आणि उचलायला कोणी येत नाही. शिकागोत वॉर्ड क्रिस्टेनसन आणि रँडी स्यूस यांनी १६ फेब्रुवारी १९७८ ला सुरू केलेला पहिला बीबीएस एकाच लाईनचा होता, एक माणूस बाहेर पडला की दुसरा आत, त्यामुळे असला प्रश्नच नव्हता. पीसीत नंतर दोनाचे चार पोर्ट झाले पण इंटरप्ट वाढवून दिले नाहीत, त्याचं हे भोगतोय आपण.

उपाय: कॉम३ ला आयआरक्यू ५ द्या आणि कॉम४ ला ७. ५ वर साउंड कार्ड बसलेलं असेल तर ते काढा, बीबीएसला आवाज नकोय. ७ प्रिंटरचा असतो पण डॉसमध्ये छपाईला तो सहसा लागत नाही. १६ बिटचं कार्ड असेल आणि त्यावर १० किंवा ११ चे जंपर (आयआरक्यू निवडायच्या पिना) असतील तर सोन्याहून पिवळं. पण स्वस्तातल्या कार्डावर ३ आणि ४ एवढ्याच पिना असतात, आणि तुमचंही तसंच असणार असं मला वाटतं. माझ्याकडे तसंच होतं, मग मी कार्डाच्या सोनेरी कडेवर बी२४ नंबरच्या पट्टीला जाणारी बारीक वाट ब्लेडने खरवडून तोडली, ती आयआरक्यू ४ ची, आणि तिथून शेजारच्या बी२३ ला, म्हणजे ५ ला, केसासारखी वायर डाग देऊन जोडली. डाग कडेच्या वर द्यायचा, कडेवर कथिल चढलं तर कार्ड स्लॉटमध्ये जाणार नाही. वायर मागच्या बाजूने काढा आणि वर चिकटपट्टी लावा. हात स्थिर नसेल तर मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे न्या, त्याला हे पाच मिनिटांचं काम आहे.

मग फॉसिल ड्रायव्हरला, म्हणजे बीबीएस आणि पोर्ट यांच्यातल्या दुव्याला, एक्स०० असो की बीएनयू, प्रत्येक पोर्टचा पत्ता आणि आयआरक्यू दोन्ही लिहून सांगायला विसरू नका, नाहीतर तो जुनीच वाटणी धरून बसेल आणि तुम्हाला वाटेल डाग फुकट गेला.

एवढं करून चौथा नोड विचित्र वागला तर व्हिडिओ कार्ड बघा. एस३ चिपची कार्डं आणि जुनं ८५१४ दोन्ही २ई८ हा पत्ता वापरतात, तोच कॉम४ चा. मग कार्ड बदला नाहीतर कॉम४ चा पत्ता हलवा, तिसरा मार्ग नाही.

आणि आता जे सांगतोय ते तुम्ही विचारलं नाहीत पण पुढच्या आठवड्यात विचाराल. आयआरक्यू सुटले की चारही जण एकदम आत येतील आणि फाईल घेताना-देताना चुका यायला लागतील. डॉसबरोबर आलेला एमएसडी चालवून कॉम पोर्टच्या पानावर यूएआरटी, म्हणजे पोर्टची चिप, कुठला ते बघा. तिथे ८२५० लिहून आलं तर चिप ८२५० किंवा १६४५० आहे, आणि तिच्यात आलेला एकच बाईट थांबू शकतो. पोर्टचा वेग सेकंदाला ३८,४०० बिटवर लॉक असेल तर, एका बाईटला दहा बिट धरून, सेकंदाला ३,८४० बाईट, म्हणजे दर २६० मायक्रोसेकंदांना एक. तेवढ्या वेळात डेस्कव्ह्यू दुसऱ्या खिडकीत गेला असेल किंवा हार्ड डिस्क काहीतरी लिहीत असेल तर आधीचा बाईट गेलाच. १६५५०ए मध्ये १६ बाईटची फिफो, म्हणजे बाईट थांबायची रांग, आहे. तिचा ट्रिगर, म्हणजे किती बाईट साठले की हाक मारायची तो आकडा, १४ वर असेल तर हाक मारल्यानंतर दोनच बाईटची उसंत मिळते, ८ वर आणलात तर आठ बाईटची, म्हणजे दोन मिलिसेकंद, आणि चार नोडच्या मशीनवर हा फरक जाणवतो. कार्डावर ४० पायांची लांबट चिप सॉकेटमध्ये असेल तर नशीबवान आहात, १६४५० उपटायची आणि १६५५०ए बसवायची, पाय तेच. फक्त खाच कुठल्या बाजूला होती ते आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा. नुसती १६५५० घेऊ नका, पुढे ए पाहिजे, आधीच्या चिपची फिफो बिघडलेली होती.

प्रश्न (नागपूर): काका, माझे दोन नोड आहेत. कॉलर मध्येच तुटला की नोड मोकळाच होत नाही, आणि पुढचा फोन करणारा थेट आधीच्या माणसाच्या मेनूत जाऊन पडतो, त्याची पत्रंसुद्धा वाचता येतात. असं कसं?

उत्तर: हे आधी थांबवा, आत्ताच्या आत्ता, बाकीचं नंतर. एकाची पत्रं दुसऱ्याने वाचणं हे दुरुस्तीचं काम राहत नाही, ज्याने तुमच्या भरवशावर पासवर्ड टाकला त्याचा विश्वास जातो. दुरुस्त होईपर्यंत दोन्ही मोडेम बंद ठेवा.

कारण बहुतेक साधं आहे. माणूस गेला हे कळायला बीबीएस डीसीडीची तार बघतो, आणि फोन खाली ठेव हे मोडेमला सांगायला डीटीआर सोडतो. मोडेमला एटी&सी१ ही आज्ञा दिली नसेल तर डीसीडी कायम चालू दिसते, कॉलर असो नसो, मग बीबीएस समजतो की माणूस बसलाय अजून. एटी&डी२ नसेल तर डीटीआर सोडला तरी मोडेम फोन ठेवत नाही. दोन्ही द्या आणि मागोमाग एटी&डब्ल्यू देऊन साठवा, नाहीतर लाईट गेली की परत तेच.

तरी होत असेल तर केबल. दिसायला जाड असते पण आत तीनच तारा असलेल्या केबल बाजारात भरपूर मिळतात. मल्टिमीटर बीपवर ठेवा आणि मोजा: ९ पिनच्या टोकाची १ नंबर पिन २५ च्या ८ ला मिळाली पाहिजे, ती डीसीडी. ४ नंबर २० ला, तो डीटीआर. ७ ला ४ आणि ८ ला ५, ते आरटीएस-सीटीएस, म्हणजे थांब-पाठव सांगणाऱ्या तारा. यातली एक जरी बीप झाली नाही तरी केबल फेका.

अजून एक. तुम्ही हंटिंग लावलं असेल, म्हणजे पहिली लाईन बिझी असेल तर फोन आपोआप दुसरीवर. पण पहिला नोड गोठला आणि त्याचा मोडेम नुसता वाजत राहिला तर लाईन बिझी नसते, त्यामुळे प्रत्येक जण त्या मेलेल्या नोडवरच आपटतो आणि दुसरा नोड रिकामा बसून राहतो. मी दोन लाईन चालवायचो तेव्हा एका रविवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकही कॉल आला नाही आणि मला वाटलं लोकांनी सोडून दिलं, जीव थोडा थोडा झाला होता. व्हीएसएनएलचं इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला आलं, त्याच्या आधी आमच्यासारख्यांना टाईप करून गप्पा मारायला दुसरी जागा होती कुठे? तेव्हापासून नोड दुरुस्तीला घेतला की आधी त्या मोडेमला एटीएच१ द्यायचो. रिसीव्हर उचलून ठेवल्यासारखं होतं, लाईन बिझी, कॉल पुढच्या नोडवर. तुम्हीही तीच सवय लावा.

प्रश्न (सांगली): तीन नोड आहेत. मशीन सुरू होताना चालणारी ऑटोएक्झेक फाईल सोबत पाठवलीय. युजरची फाईल आठवड्यातून एकदा तरी खराब होते. शिवाय डोअर गेममध्ये (बीबीएसमधून उघडणारा वेगळा गेम) गेलं की दुसऱ्याच माणसाच्या नावाने स्वागत होतं. व्हायरस?

उत्तर: व्हायरस नाही, दोन वेगळी कारणं आहेत. तुमच्या ऑटोएक्झेकमध्ये शेअर हा डॉसचा प्रोग्रॅम दिसत नाही. एकाच मशीनवर दोन नोड एकच फाईल उघडतात तेव्हा कोणी आधी लिहायचं हे शेअर ठरवतं, ते नसेल तर दोघंही लिहितात आणि नंतर लिहिणारा आधीच्याचं पुसतो. डेस्कव्ह्यू सुरू व्हायच्या आधी शेअर चढवा, आणि /एल वाढवा, कारण न सांगता ते फक्त २० लॉक देतं, तीन नोडला ते पुरत नाहीत. मी २०० ठेवलं असतं. कॉन्फिगमध्ये फाईल्सचा आकडाही वाढवून घ्या. आधी खराब झालेली युजर फाईल मात्र शेअरने सुधारणार नाही, बॅकअपमधली चांगली प्रत परत ठेवा.

गेमचं वेगळं. गेमला कॉलरचं नाव कळावं म्हणून बीबीएस डोरइन्फो१.डेफ नावाची छोटी फाईल लिहून ठेवतो. तिन्ही नोड एकाच फोल्डरमधून चालत असतील तर शेवटी ज्याने लिहिली त्याचंच नाव सगळ्यांना. प्रत्येक नोडला स्वतःचं फोल्डर द्या आणि गेमच्या बॅच फाईलमध्ये त्या त्या फोल्डरचा रस्ता लिहा.

प्रश्न (न्यू जर्सी): इथे घरात साधी लाईन नाही, इंटरनेट फोनचा अ‍ॅडाप्टर आहे. मोडेम किंचाळतात, जुळतात, मिनिटाभरात तुटतात.

उत्तर: अ‍ॅडाप्टरमध्ये कोडेक (आवाजाचे आकडे करून पाठवायची पद्धत) जी.७११ ठेवा, बाकीचे बहुतेक कोडेक आवाज दाबून पाठवतात आणि मोडेमची शिट्टी त्यात मरते. इको कॅन्सलर आणि सायलेन्स सप्रेशन बंद, जिटर बफर फिक्स्ड आणि मोठा. मोडेमला ३३,६०० च्या मागे लागू देऊ नका, ९,६०० वर बांधून टाका, नाही टिकलं तर २,४००. मजकूर वाचायला तेवढा वेग पुरतो हो. इंटरकॉमच्या डब्यावर मोडेमला डायलटोन ओळखू येत नाही अशी तक्रार आणखी दोघांनी लिहिलीय, त्यांनी नंबर लावायच्या आधी एटीएक्स३ द्यावं, मग मोडेम टोनची वाट बघत नाही.

प्रश्न (रत्नागिरी): वडिलांचा ३८६ काढला, चालू होतो पण कीबोर्ड घेत नाही.

उत्तर: कीबोर्डच्या सॉकेटजवळ मदरबोर्डवर निळी, पिंपासारखी बॅटरी आहे का बघा. ती निकेल-कॅडमियमची असते, वर्षानुवर्षं पडून राहिली की फुटते आणि तिचं पाणी आजूबाजूच्या तांब्याच्या वाटा खातं, आणि कीबोर्डची चिप बहुतेक बोर्डांवर तिच्या शेजारीच असते. कोकणातल्या दमट हवेत तर विचारूच नका. मशीन बंद करा, परत चालू करू नका. बॅटरी कापून काढा, हिरवं-पांढरं दिसेल तिथे कापसाच्या काडीने व्हिनेगर लावा, फसफसणं थांबलं की पाण्याने पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने. कार्डांच्या कडा खोडरबरने घासा. दोन दिवस पंख्याखाली वाळवा आणि मग भिंगाखाली वाटा बघून, तुटली असेल तिथे वायर जोडा. झालं की कळवा, पोर्ट किती आहेत तेही लिहा.