वहीतलं ते एक पान

समुपदेशनाच्या पदविकेत रोज आत्मचिंतनाची वही लिहायला लावतात. तंत्रं शिकवायची सोडून हे कशाला? – विद्यार्थिनी, कोपरखैरणे

तुमचा वैताग समजतो. मी ठाण्यात शिकत होते तेव्हाची गोष्ट. समोर एक काकू बसल्या होत्या, मुलगा बोलत नाही म्हणून पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत. त्यांचे डोळे भरले की मी लगेच एखादा उपाय सांगायचे. रात्री वही लिहिताना हात थांबला. माझी आई अशीच पदर गुंडाळत रडायची, आणि तिला गप्प करायचं काम घरात माझं होतं. पुढच्या सत्रात मी तोंड मिटून बसले. काकू रडल्या आणि मग पहिल्यांदा मुलाबद्दल नाही, स्वतःबद्दल बोलल्या.

मनोविश्लेषकाच्या स्वतःच्या मनातल्या गाठी त्याला जिथवर जाऊ देतात, त्यापुढे तो जाऊ शकत नाही, असं मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइडनं १९१० मध्येच मांडलं. समुपदेशनातून माणसात बदल घडायचा तर काय लागतं, याच्या मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सनं १९५७ मध्ये मांडलेल्या अटींमध्येही समानुभूतीबरोबर समुपदेशकानं आतबाहेर एक असणं येतं. आत काय चाललंय हेच ठाऊक नसेल, तर ते जमणार कसं?

माझी पानं म्हणजे सत्राचा अहवालच होतो. नेमकं काय लिहू? – ऐरोली

एकच क्षण धरा. ‘क्लायंट सासूबद्दल बोलू लागल्या आणि मी घड्याळाकडे पाहिलं’, इथून सुरुवात करा. घसा आवळला? कुणी आठवलं? ‘मी आणखी संयम ठेवायला हवा’ असली वाक्यं मात्र खोडा. त्यातून सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे अनुभवी समुपदेशकाबरोबर आपल्या कामाची चर्चा करताना, काही हाती लागत नाही.

ठाणे-वाशी लोकलमध्ये मोबाइलवर नोंदी केल्या तर चालेल? – विद्यार्थी, वाशी

नको. गर्दीत शेजारच्याची नजर स्क्रीनवर जातेच. मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं गोपनीयतेचा हक्क दिलाय. आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येकासाठी आपण तो पाळायचा. नाव, सोसायटी, नोकरी वहीतही नको.

सहा महिन्यांपूर्वी बाबा गेले. वडील गमावलेला क्लायंट समोर आला की मला रडू येतं. मी या कामाला लायक नाही का? – कळवा

आहात. डोळे भरून येण्यात काही चुकत नाही. ते वडिलांबद्दल सांगत असताना तुम्ही त्यांच्या वडिलांपाशी असता की आपल्या बाबांपाशी, एवढं पाहा. सत्रानंतर त्यांचं बोलणं आठवतच नसेल, तर सुपरव्हायझरशी बोलून काही दिवस अशी प्रकरणं दुसऱ्याकडे सोपवा आणि स्वतःसाठी समुपदेशकाकडे जा. तुम्ही मला जे लिहिलंत, तेच आज वहीत उतरवा आणि पुढच्या सुपरव्हिजनला ते पान घेऊन जा.